३८ फटके, एक गोल : शुक्रवारचा सामना नेमका कुठे हरला

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे एक गृहस्थ हिवाळ्यात लेकीकडे अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात आले आहेत. तरुणपणी कॉलेजच्या संघाकडून ते मैदानी हॉकी खेळले आहेत, त्यामुळे लेकीने हौसेने आपल्या विद्यापीठाच्या बर्फावरील हॉकीची, अगदी काचेलगतच्या दुसऱ्या रांगेतली तिकिटे काढली. यजमान संघ देशातल्या पहिल्या दहांतला, पाहुणा संघ आपल्या गटात तळाशी. यजमानांचे गोलवर ३८ फटके, पाहुण्यांचे १९, आणि निकाल मात्र १-४. त्यांच्या तक्रारी पाच आहेत. खेळाडू जीव तोडून खेळले नाहीत. मध्येच पक (बर्फावर चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) पलीकडे भिरकावून बाकावर जाऊन बसत होते. गोलरक्षक कच्चा होता. पंचांनी पाच मिनिटांची शिक्षा देऊन सामना पाहुण्यांच्या पदरात टाकला. आणि शेवटी प्रशिक्षकाने आपला गोलरक्षकच काढून घेतला, तो तर शुद्ध वेडेपणा. त्यांनी विचारले आहे की कॉलेजची हॉकी अशीच असते का, आणि फेब्रुवारीत पुन्हा जाण्यात काही अर्थ आहे का. सोबत त्यांनी सामन्याचे चित्रण पाठवले आहे.

उत्तर देण्यापूर्वी माझ्याबद्दल एवढेच सांगतो, की मी खडकीचा. धनराज पिल्ले ज्या खडकीचे, त्याच खडकीच्या मातीच्या मैदानांवर मी हॉकी शिकलो, आणि त्यांच्या पासंगालाही पुरलो नाही. गेली २२ वर्षे मिनेसोटात राहतो, दर हिवाळ्यात मुलांच्या संघांना बर्फावर शिकवतो आणि मध्ये सहा हिवाळे एका कॉलेजच्या संघासाठी सामन्यांची चित्रणे तुकडे पाडून तपासण्याचे काम केले. आपण पाठवलेला सामना मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा नुसता पाहिला, दुसऱ्यांदा रिंकची, म्हणजे बर्फाच्या मैदानाची, बाह्यरेषा छापलेला कागद आणि पेन्सिल घेऊन पाहिला. आपली निराशा रास्त आहे. यजमान संघ वाईटच खेळला. मात्र तो जिथे वाईट खेळला ती जागा आपल्या पाचही तक्रारींत आलेली नाही, आणि याचे कारण, मला वाटते, आपण मैदानी हॉकीच्या सवयीने चेंडूच्या, म्हणजे इथे पकच्या, मागे डोळे ठेवून बसला होता, हे आहे. मी स्वतः पहिली तीन वर्षे नेमके हेच केले.

आपल्या हॉकीतल्या ‘डी’पासूनच सुरुवात करू, कारण तिथेच सगळे उलगडते. मैदानी हॉकीत डीच्या बाहेरून मारलेला चेंडू आत कुणाला न लागता थेट जाळ्यात गेला तरी गोल धरला जात नाही. नियमाने तो फटका फुकट. त्यामुळे आपल्याकडे ‘गोलवर इतके फटके’ असा आकडा ऐकला की ते सगळे डीतून आले असणार, असे मन आपोआप धरून चालते. बर्फावर अशी रेषा नाही. रिंक सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद, म्हणजे लांबीला मैदानाच्या दोन तृतीयांश आणि रुंदीला निम्म्याहूनही कमी, आणि तिथे कोणीही कुठूनही मारू शकतो. आक्रमणाचे क्षेत्र जिथे सुरू होते त्या निळ्या रेषेजवळून, १८ मीटर लांबून मारलेला सरळसोट, गोलरक्षकाला अर्धा क्षण आधीच दिसलेला फटका त्याने छातीवर घेतला तरी फलकावर एक फटका मोजला जातो. गोलपासून तीन मीटरवर, गोलरक्षक एका बाजूला झुकलेला असताना दुसऱ्या बाजूने मारलेला फटकाही तेवढाच मोजला जातो. फलकावरच्या ३८ या आकड्यात हे दोन्ही प्रकार एकाच टोपलीत टाकलेले असतात.

म्हणून बर्फावर ती डी आपणच मनातल्या मनात आखायची असते. दोन्ही खांबांपासून तिरकी रेघ बाहेरच्या अंगाला, गोलच्या पुढे डाव्या-उजव्या बाजूंना जी दोन वर्तुळे असतात त्यांच्या केंद्रातल्या लाल ठिपक्यांपर्यंत ओढा, तिथून ती सरळ वर वर्तुळांच्या माथ्यापर्यंत न्या आणि दोन्ही टोके आडवी जोडा. लहान मुले चित्रात काढतात तशा घराचा आकार तयार होतो, आणि इथले प्रशिक्षक त्याला ‘हाउस’च म्हणतात. बहुतांश गोल या घरातून होतात. माझ्या कागदावर यजमानांच्या ३८ फटक्यांपैकी घराच्या आतून मारलेले ११ निघाले. पाहुण्यांच्या १९ पैकी एक रिकाम्या गोलमध्ये गेलेला सोडला, तर उरलेल्या १८ पैकी १० आतले होते. म्हणजे ३८ विरुद्ध १९ असा जो एकतर्फी सामना आपण पाहिला, तो घराच्या हिशेबाने ११ विरुद्ध १० होता. तो बरोबरीचा सामना होता, आणि त्यातल्या तीन जागी यजमानांनी माती खाल्ली.

पहिल्या पिरियडमध्ये फटके १५ विरुद्ध ४ होते. सभागृह दणाणत होते, बँड वाजत होता, आणि आपण लिहिले आहे की ‘आता गोल होणारच’ असे प्रत्येक मिनिटाला वाटत होते. त्या १५ फटक्यांच्या वेळी मी पकऐवजी पाहुण्या गोलरक्षकाच्या समोरची दोन मीटर जागा पाहत बसलो. ती जागा १५ पैकी १२ वेळा रिकामी होती. यजमानांचे आघाडीचे खेळाडू बोर्डांच्या, म्हणजे रिंकभोवतीच्या भिंतींच्या, कडेने, कोपऱ्यांतून, वर्तुळांच्या बाहेरून सुंदर पास देत होते, कारण तिथे त्यांना कोणी अडवत नव्हते. पाहुण्यांनी जाणूनबुजून बाहेरची सगळी जागा देऊन टाकली होती आणि पाचही जण घरात दाटीवाटीने उभे केले होते. गोलच्या पुढ्यात उभे राहणे हे हॉकीतले सर्वांत नकोसे काम आहे. पाठीत काठ्या बसतात, घोट्यांवर फटके बसतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या ठळक क्षणांच्या चित्रफितीत आपण दिसतही नाही. पण गोलरक्षकाला पक दिसू नये एवढ्यासाठी कोणीतरी तिथे उभे राहावेच लागते. १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच गोलच्या पुढे आजचा गोलरक्षक गुडघ्यांवर बसला की फार थोडी जागा उघडी राहते. पक दिसत असेल तर तो लांबचे फटके दिवसभर अडवत राहील.

यजमानांचा एकमेव गोल आठवून पाहा. दुसऱ्या पिरियडच्या चौथ्या मिनिटाला, पाहुण्यांचा एक खेळाडू शिक्षेत बसलेला असताना निळ्या रेषेवरून एक मध्यम वेगाचा फटका आला आणि आत गेला. आपल्याला तो फटका मारणाऱ्याचा पराक्रम वाटला असणार, आणि उद्घोषकाने नावही त्याचेच घेतले. आता तेवढा तुकडा थांबवून पाहा. १९ क्रमांकाचा धिप्पाड मुलगा गोलरक्षकाच्या नाकासमोर पाठ करून उभा आहे, आणि गोलरक्षक आधी त्याच्या डाव्या खांद्यावरून आणि मग उजव्या काखेखालून पक शोधतो आहे. पक आत गेला तेव्हा त्याचा हात हललासुद्धा नाही. रात्रभरात असे उभे राहण्याचे धाडस यजमानांनी नीट एकदाच केले आणि त्याच वेळी गोल झाला. मला सर्वांत राग कशाचा आला असेल तर याचा, की त्यानंतरच्या ३६ मिनिटांत बाकावरून कोणीही त्यांना हे पुन्हा करायला लावले नाही.

आता ‘पक भिरकावून बाकावर जाऊन बसत होते’ या तक्रारीकडे येतो. बर्फावर एक पाळी साधारण ४० ते ४५ सेकंदांची असते, कारण तेवढ्या वेळात पूर्ण वेगाने खेळणाऱ्या माणसाच्या मांड्या भरून येतात. खेळ चालू असतानाच पाच जण बदलतात, आणि बदलताना पक आपल्या गोलपासून जितका लांब तितके बरे, म्हणून मध्यरेषा ओलांडून तो पलीकडच्या कोपऱ्यात टाकतात. यात कामचुकारपणा नाही, उलट जो हे करत नाही तो संघाला खड्ड्यात घालतो. आणि नेमके तेच झाले.

दुसऱ्या पिरियडमध्ये संघ बाजू बदलतात, पण बाक मात्र जागचे हलत नाहीत. पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडमध्ये आपला बाक आपण राखत असलेल्या गोलच्या बाजूला असतो, त्यामुळे दमलेला बचावपटू चार ढांगांत बाहेर पडतो. दुसऱ्या पिरियडमध्ये तोच बाक लाल मध्यरेषेच्या पलीकडे जातो. पक आपल्या क्षेत्रात अडकला तर दमलेल्या माणसाला बदली मिळतच नाही, कारण तो निघाला तर गोलसमोर चारच जण उरतात. इथे याला ‘लाँग चेंज’ म्हणतात, आणि अनुभवी प्रशिक्षक दुसऱ्या पिरियडमध्ये पाळ्या मुद्दाम आखूड करतात. अकराव्या मिनिटाला यजमानांच्या पहिल्या फळीला पक बाहेर काढायच्या दोन सोप्या संधी मिळाल्या. काचेवर आपटून पक बाहेर घालवणे हे दिसायला गावठी असले तरी त्या वेळी तेच शहाणपणाचे होते, पण दोन्ही वेळा त्यांनी मधून देखणा पास देण्याचा प्रयत्न केला आणि तो अडवला गेला. मी घड्याळ लावून पाहिले. तेच पाच जण १ मिनिट ४० सेकंद बर्फावर होते. शेवटी डावा बचावपटू गुडघ्यांवर काठी टेकवून उभा असलेला दिसतो, आणि त्याच्या मागून पाहुण्यांचा सेंटर चालत आल्यासारखा घरात शिरतो. आडवा पास, फटका, १-१. गोलरक्षक खांबाकडून खांबाकडे झेपावला, पण आडवा पास त्याच्यापेक्षा वेगवान होता. या गोलचा दोष मी त्याला देणार नाही.

शिक्षेबद्दल आपण म्हणता की एक गोल झाल्यावर खेळाडू परत यायला हवा होता. तसा तो दोन मिनिटांच्या किरकोळ शिक्षेत येतो. पाच मिनिटांच्या मोठ्या शिक्षेत कितीही गोल झाले तरी पाचही मिनिटे भरावी लागतात, आणि दोषी खेळाडूला सामन्यातून काढले असेल तर त्याच्याऐवजी दुसरा कोणीतरी शिक्षेच्या पेटीत बसतो. शिक्षा योग्य होती का? पंचांनी पडद्यावर चित्रण पाहण्यात जो वेळ घेतला त्यावर प्रेक्षक ओरडले, पण मोठी शिक्षा देताना तपासून पाहण्याची मुभा त्यांना आहे आणि त्यांनी ती वापरली, हे बरेच झाले. संथ गतीत खांदा सरळ हनुवटीखाली लागलेला दिसतो. डोक्याला लागणाऱ्या धक्क्यांबाबत कॉलेजचे नियम कडक आहेत, आणि ते तसे असावेत, असे माझेही मत आहे. इथे सगळ्यांना पूर्ण चेहरा झाकणारी जाळी किंवा काच सक्तीची असल्याने मुले थोडी बेफिकीर होतात, खांदे आणि काठ्या वर चढतात; व्यावसायिक हॉकीत अर्ध्या काचेमागे खेळणारा माणूस जास्त जपून असतो, असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे. काहीही असो, तो धक्का अनावश्यक होता. पक तिथून केव्हाच निघून गेला होता.

ही शिक्षा पडण्याची वेळही वाईट होती. ती दुसऱ्या पिरियडच्या १७ मिनिटे २० सेकंदांना लागली, म्हणजे पाचपैकी २ मिनिटे ४० सेकंद त्या पिरियडमध्ये संपली आणि २ मिनिटे २० सेकंद तिसऱ्यात उरली. पहिला गोल, म्हणजे १-२, लांबून आलेल्या फटक्याला गोलसमोर उभ्या माणसाने काठीचे टोक लावून दिशा बदलल्याने झाला. पाहुण्यांनी तिथे माणूस उभा केला होता, हे वेगळे सांगायला नको. मग मध्यंतर आले, बर्फ गुळगुळीत करणारे झाम्बोनी यंत्र फिरले, वर पाण्याचा पातळ थर गोठून आरसा झाला. वीस मिनिटांच्या खेळाने खरवडलेल्या बर्फावर पक उड्या मारतो आणि पास देणाऱ्याला तो आधी काठीने शांत करावा लागतो. नव्या बर्फावर तो सरळ घसरत जातो. एक माणूस जास्त असलेल्या संघासाठी पिरियडची पहिली दोन मिनिटे म्हणजे पर्वणीच. दीड मिनिटात पाचसहा पास झाले, एकही उडाला नाही, आणि १-३. हा तिसरा गोल मात्र गोलरक्षकाने अडवायला हवा होता. तो आडवा सरकताना दोन्ही पायांच्या मधली फट उघडी राहिली आणि पक तिथूनच गेला.

म्हणजे गोलरक्षकाचा हिशेब असा: त्याच्यावर १८ फटके आले, १५ अडवले, तीन सुटले. टक्केवारी काढली तर ८३ येते आणि ती वाईटच दिसते, कारण कॉलेजच्या पातळीवर ९० च्या वर असणे ही साधी अपेक्षा आहे. पण १८ पैकी १० फटके घरातून आलेले असताना त्याच्या गळ्यात सगळा दोष बांधणे मला पटत नाही. पहिल्या पिरियडच्या १५ मिनिटांत त्याच्याकडे एकच फटका आला होता. गोलरक्षकाला विचारा, थंडीत तसे उभे राहून एकदम खडबडून जागे होण्यापेक्षा सतत मारा झेलणे त्याला परवडते.

दुसऱ्या टोकाच्या गोलरक्षकाबद्दल एक गंमत आपल्या लक्षात आली की नाही, ठाऊक नाही. यजमानांचा गोल झाल्यावर विद्यार्थ्यांनी त्याच्याकडे बोटे रोखून ‘सीव्ह, सीव्ह’ असा जो गजर केला, त्याचा अर्थ चाळण. कॉलेजच्या हॉकीतली ही जुनी चाल आहे. त्या रात्री त्या चाळणीतून ३८ पैकी एकच दाणा खाली पडला.

गोलरक्षक काढून घेण्याला आपण वेडेपणा म्हणालात. दोन गोलांनी पिछाडीवर, ३ मिनिटे १० सेकंद शिल्लक. अशा वेळी त्याला बाहेर काढून सहावा आक्रमक आत सोडतात. रिकाम्या गोलमध्ये पक जाण्याची शक्यता अर्थातच वाढते, पण १-३ हरलो काय आणि १-४ हरलो काय, हार ती हारच. आणि इथे एक कारण आणखी आहे. हंगामाच्या शेवटी राष्ट्रीय स्पर्धेत १६ संघ जातात. सहा गटांचे सहा विजेते थेट, आणि उरलेले दहा क्रमवारीच्या गणिताने. त्या गणितात जिंकणे-हरणे आणि प्रतिस्पर्ध्याची ताकद धरतात, गोलांचा फरक धरत नाहीत. त्यामुळे चौथा गोल बसल्याने प्रशिक्षकाचे काहीही गेले नाही, गेला तो फक्त प्रेक्षकांचा मूड. माझी तक्रार उलट आहे. सहा जण बर्फावर असतानासुद्धा ते पुन्हा बाहेरूनच पास देत राहिले, आणि सहावा माणूस गोलसमोर जाण्याऐवजी वर्तुळाच्या बाहेर पासची वाट पाहत उभा होता.

आता ‘कॉलेजची हॉकी अशीच असते का’ या मुख्य प्रश्नाकडे. बलाढ्य संघाने दुबळ्याकडून असे हरणे इथे नवे नाही, आणि त्यामागे एक कारण आहे जे बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. या खेळात व्यावसायिक लीगच्या क्लबने निवडलेला मुलगाही कॉलेजकडून खेळू शकतो. नामांकित विद्यापीठे अशी अठरा-एकोणीस वर्षांची, विलक्षण गुणी मुले गोळा करतात. छोटी विद्यापीठे ज्यांच्याकडे क्लबनी पाहिलेही नाही अशी मुले घेतात, पण ती शाळेनंतर दोन वर्षे ज्युनियर लीग खेळून एकविसाव्या वर्षी कॉलेजात येतात आणि पदवीच्या वर्षाला चोवीस-पंचवीसची असतात. आपण पाहिलेल्या सामन्यात गोलसमोरची झटापट एका बाजूला मिसरूड फुटलेली मुले आणि दुसऱ्या बाजूला बाप्ये, अशी होती. हौस कुणाकडे कमी नव्हती, वजन कमी होते. ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमधल्या, पूर्वी व्यावसायिक समजून बाद ठरवल्या जाणाऱ्या खेळाडूंनाही कॉलेजचे दार उघडले आहे, त्यामुळे ही वयाची आणि गुणांची सरमिसळ पुढची काही वर्षे अधिकच हलत राहील.

उदाहरणच हवे तर २०२२ चा मिशिगन विद्यापीठाचा संघ घ्या. २०२१ च्या व्यावसायिक निवडीतल्या पहिल्या पाच खेळाडूंपैकी चार, ओवेन पॉवर, मॅटी बेनियर्स, ल्यूक ह्यूज आणि केंट जॉन्सन, एकाच वेळी त्या संघात होते. असा संघ कॉलेजात पुन्हा दिसेल की नाही, शंका आहे. राष्ट्रीय उपांत्य सामन्यात डेन्व्हर विद्यापीठाने त्यांना जादा वेळेत ३-२ असे हरवले. दोनच वर्षांनी, २०२४ मध्ये, सेंट पॉलच्या अंतिम सामन्यात अग्रमानांकित बॉस्टन कॉलेजने डेन्व्हरवर मारा केला. डेन्व्हरचा गोलरक्षक मॅट डेव्हिस याने ३५ च्या ३५ फटके अडवले आणि सामना डेन्व्हरने २-० जिंकला. तो मी वरच्या रांगेतून पाहिला. डेव्हिस अप्रतिम होताच, पण त्याच्यापुढचे बचावपटू ज्या चिकाटीने घराचे दार लावून बसले होते, तेवढे मी कॉलेजच्या सामन्यात फार क्वचित पाहिले आहे.

आणि ज्या सामन्याच्या नावाने अमेरिकेत आजही लोकांचे डोळे पाणावतात, तोही फटक्यांच्या हिशेबाने पराभवच म्हणावा लागेल. २२ फेब्रुवारी १९८० ला लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या संघाला आधी प्रशिक्षण दिलेले हर्ब ब्रुक्स यांनी मुख्यतः कॉलेजच्या पोरांचा संघ घेऊन सोव्हिएत संघाला ४-३ असे हरवले. सोव्हिएत संघाचे गोलवर ३९ फटके होते, अमेरिकेचे १६. बॉस्टन विद्यापीठाकडून खेळलेला गोलरक्षक जिम क्रेग याने ३६ फटके अडवले. मॉस्कोतला एखादा प्रेक्षक दुसऱ्या दिवशी आपल्यासारखेच म्हणाला असेल, की आम्ही दुपटीने मारले आणि हरलो कसे?

आपण एक गोष्ट पाहिली नाही, आणि त्यात आपला दोष नाही. कॉलेजची हॉकी बहुधा शुक्रवार-शनिवार अशी जोडीने खेळली जाते. तोच प्रतिस्पर्धी, तेच सभागृह, चोवीस तासांचे अंतर. शुक्रवारी रात्री प्रशिक्षक चित्रण पाहतात आणि शनिवारी सकाळी मुलांना दाखवतात. शनिवारचा सामनाही मी मुद्दाम शोधून पाहिला. यजमानांनी ३-१ जिंकला, आणि फटके होते फक्त २६. गोलरक्षक तोच, शुक्रवारचाच. १९ क्रमांकाचा तो धिप्पाड मुलगा पहिल्या मिनिटापासून पाहुण्या गोलरक्षकाच्या पुढ्यात तंबू ठोकून होता, आणि तिन्हीपैकी एकाही गोलवर त्याचे नाव नाही.

फेब्रुवारीत जावे का, याचे उत्तर असे, की अवश्य जावे, शक्यतो शनिवारी, आणि काचेलगत बसू नये. काचेजवळ वेग आणि धडका छान जाणवतात, लेकीने म्हणूनच ती तिकिटे काढली असणार. पण तिथून पलीकडच्या टोकाला काय चालले आहे ते काहीच कळत नाही आणि समोरच्या कोपऱ्यातली झटापट पाहता पाहता घर नजरेआड होते. गोलच्या मागच्या बाजूला, वरच्या तिसऱ्या-चौथ्या रांगेत जागा मागावी. यजमान पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडमध्ये ज्या गोलवर चढाई करतात ती बाजू निवडली, तर आक्रमणाचा दोन तृतीयांश भाग आपल्या डोळ्यांसमोर घडेल. पहिली पाच मिनिटे पककडे अजिबात न पाहता गोलसमोरची ती दोन मीटर जागा पाहावी, आणि दुसऱ्या पिरियडमध्ये बाकाचे दार किती वेळाने उघडते ते मनगटावरच्या घड्याळात मोजावे. त्या तिकिटाला पैसेही बहुधा कमी पडतात, आणि वरच्या रांगांत बर्फाचा गारठा कमी लागतो.